बाहेरच्या कामाला आतली परीक्षा

दहावीचा निकाल लागला की आमच्या नर्सरीत दोन तऱ्हेची माणसं येतात. एक, पाऊस पडायच्या आत मोगरा, तगर, कढीपत्ता घेऊन जाणारी. दुसरी, पोराला बरोबर घेऊन येणारी. ही दुसरी माणसं आधी उगाच जास्वंदीची किंमत विचारतात, कुंड्यांच्या रांगांतून एक फेरी मारतात आणि गिऱ्हाईक पांगलं की आवाज खाली घेऊन म्हणतात, "दादा, याला गणित काही जमत नाही. बाहेर फिरायची आवड आहे. तुमच्या लाईनीत काही होईल का?"

पोरगा तेव्हा तिसरीकडेच बघत असतो. बहुतेक वेळा मोबाईलकडे. पण दहातला एखादा असा निघतो, की बाप बोलत असताना त्याने वाकून शेजारच्या कुंडीतलं तण उपटलेलं असतं. मला बोलायचं आहे ते त्या एकाबद्दल.

घोडबंदर रोडला माझी नर्सरी आहे, आणि बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या बागा करून देण्याचं काम आहे. मी स्वतः गणितात मार्चला गेलो आणि ऑक्टोबरला कसाबसा निघालो. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरात असायची. त्यामुळे 'गणित जमत नाही' म्हणताना त्या बापाचा घसा का दाटतो, ते मला कुणी समजावून सांगायला नको. पण त्याच्या एका वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. बाहेरच्या कामात आकडे नसतात, ही पहिली. आणि आकडे न जमणाऱ्यांसाठी उरलंसुरलं जे काही असतं तेच बाहेरचं काम, ही दुसरी. दोन्ही चूक आहेत, आणि त्या चुका फक्त त्या बापाच्या नाहीत. सरकारी भरतीचे नियम करणारेही तसंच धरून चालतात.

पहिली आधी घेऊ.

मी या धंद्यात पडलो तेव्हा ज्या मुकादमाच्या हाताखाली होतो, तो चौथीत शाळा सोडलेला माणूस होता. पहिल्याच आठवड्यात ठाण्यातल्या एका बंगल्याचं लॉन करायचं होतं. वीस फूट बाय पंधरा फूट, मातीचा थर चार इंच. मालकाने विचारलं, लाल माती किती लागेल? मी मनातल्या मनात इंचांचे फूट करायला लागलो आणि नेहमीप्रमाणे अर्ध्या वाटेत हरवलो. मुकादम जागेवर एकदा उभा, एकदा आडवा चालला आणि म्हणाला, "एक ब्रास. वर चार घमेली." घरी जाऊन मी कागदावर मांडलं. तीनशे चौरस फूट, त्याचा तिसरा हिस्सा, शंभर घनफूट. शंभर घनफूट म्हणजेच एक ब्रास. वरची चार घमेली का, ते कागदावर कुठेच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी माती दाबल्यावर कळलं.

त्याला गुणाकार येत नव्हता. त्याच्याकडे होती ती एक गाडी. मातीची गाडी ओतल्यावर ती किती लांब पसरते हे त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं, की जमीन बघितली की त्याला गाडी दिसायची. याला गणित म्हणायचं की नाही, याचा निकाल गणिताच्या मास्तरांनी लावावा. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी ज्याच्याकडे दहावीची गुणपत्रिका होती त्याचं उत्तर आलं नाही.

औषध फवारणीचंही तसंच. बाटलीवर लिहिलेलं असतं, लिटरला दोन मिली. पाठीवरचा पंप सोळा लिटरचा. बत्तीस मिली हा हिशेब जमला नाही तरी चालतं, एक ठरलेलं झाकण आणि त्यावर मारलेली खूण पुरते. पण 'जरा जास्त टाकू, लवकर मरतील' असं म्हणणाऱ्याने दोन दिवसांत गुलाबाची अख्खी ओळ जाळून ठेवलेली मी पाहिली आहे. म्हणजे आकडा लागत नाही असं नाही. लागतो, पण तो झाकणात बसतो, घमेल्यात बसतो, पावलांत बसतो. वहीत बसवायला गेलं की पळतो.

याचा सगळ्यात सुंदर नमुना मला खाडीवर सापडला. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. ठाणे खाडीच्या या भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. बोटीची वेळ रोज वेगळी असते, कारण पाणी भरल्याशिवाय बोट हलत नाही. मी तिथे गेलो होतो तेव्हा पलीकडच्या दिवा कोळीवाड्यातले एक म्हातारे नाखवा काठावर बसले होते. मी विचारलं, आज बोट कधी? त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, फोन काढला नाही. "आज चवथ हाय ना? मंग तीनला भरती."

तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी, चार पाऊण तीन. अष्टमी, आठ पाऊण सहा. चतुर्दशीला साडेदहा. घड्याळाशी थोडं इकडेतिकडे होतं, ते नाखवा वाऱ्यावरून आणि उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती) यावरून मनातच दुरुस्त करतात. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्याचं हे कोष्टक. आमच्या आजोबांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. शाळेतून पाऊणकी गेली, खाडीवर राहिली. मी नाखवांना म्हटलं, म्हणजे तुमचं गणित पक्कं आहे. ते हसले. "गणित? छे. मी तिसरीतच पळालो."

गणिताची त्यांच्या मनात जी जागा आहे, ती शाळेची आहे, पाण्याची नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहावीच्या पोरांचंही हेच असतं. ती आकड्याला घाबरत नाहीत, प्रश्नपत्रिकेला घाबरतात. क्रिकेटचा रनरेट तोंडावर असलेलं पोरगं 'मला आकडे समजत नाहीत' म्हणतं तेव्हा तो शाळेने दिलेला शेरा ते पाठ म्हणून दाखवत असतं.

तर मग बाहेरच्या कामाच्या दारात कोणती परीक्षा असते? इथे माझा राग सुरू होतो.

ग्रामीण डाकसेवकाचं बघा. शहापूर-मुरबाडच्या वाडीवस्तीवर पत्रं, मनीऑर्डर, पेन्शन पोचवणारा माणूस. त्याच्या पात्रतेत दहावी पास तर हवंच, शिवाय गणित आणि इंग्रजीत पास हवं, आणि निवड दहावीच्या गुणांवर. पैशांचा व्यवहार आहे म्हणून हिशेब यायला हवा, हे मला मान्य. पण पेन्शनचे पैसे मोजून देणं आणि वर्गसमीकरण सोडवणं यांचा संबंध काय? जो मुलगा सकाळी बापाचं दुधाचं खातं लिहितो, त्याला आपण सांगतो की तू दुसऱ्याचे पैसे मोजायला लायक नाहीस.

वनरक्षकाचं त्याहून अवघड. येऊरच्या पाड्यांवर वाढलेल्या पोरांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही बाजू तळहातासारखी माहीत असते. पाणवठा कुठला मार्चमध्ये आटतो, बिबट्याची वाट कुठली, वणवा लागला तर वारा कुठून येणार. वनरक्षकासाठी बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांतला एखादा विषय लागतो; अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी चालते. हे चांगलंच आहे. पण मग लेखी परीक्षा. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता चाचणी. त्या चाचणीत 'मालिकेतील पुढील संख्या ओळखा'. त्यानंतर धावणं, पुरुषांना पाच किलोमीटर, महिलांना तीन. जंगल ओळखता येतं का, ठसा वाचता येतो का, झाडाचं नाव सांगता येतं का, हे जंगलात उभं करून कुणी विचारतच नाही. वनरक्षकाला घेर मोजावा लागतो, पंचनामा लिहावा लागतो, हे मला माहीत आहे. मग घेरच मोजायला लावा ना! हातात टेप द्या, समोर साग दाखवा.

पोलीस शिपाई भरतीतही तोच प्रकार, मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० ची, आणि लेखीत अंकगणित आहेच. पोलिसांचं एक वेळ सोडून देऊ. त्यांच्या कामाबद्दल मला फारसं कळत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असं, की जागा मोजक्या आणि अर्ज लाखांत. कुठली तरी चाळणी लावावीच लागते, आणि अंकगणिताच्या उत्तरात वशिला चालत नाही. या युक्तिवादात दम आहे. तोंडी परीक्षेत काय काय चालतं ते आपण सगळे जाणतो, आणि गरिबाच्या पोराला उलट लेखी परीक्षेचाच आधार वाटतो. म्हणून लेखी काढून टाका असं मी म्हणत नाही. पण चाळणीची भोकं कुठल्या आकाराची ठेवायची, हे आपण ठरवतो. रेती चाळायची असेल तर पिठाची चाळण कुणी घेत नाही. झाडांच्या, पाण्याच्या, मातीच्या ज्ञानाचा पेपरही वस्तुनिष्ठच काढता येतो. फोटो दाखवून चार पर्याय द्या: खाडीतलं हे झाड तिवर की कांदळ की चिपी? त्यालाही वशिला लागत नाही. फरक एवढाच पडेल, की त्या पेपरात ठाण्याच्या क्लासमधला पोरगा मागे पडेल आणि पाड्यावरचा पुढे जाईल. हे आपल्याला नको असतं का, असा संशय मला कधी कधी येतो.

शाळेकडेही वळायला हवं. मधली काही वर्षं दहावीला सामान्य गणित असा सोपा पर्याय होता, तो गेला. २०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक गोष्ट चर्चेत आली: गणित, विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाऊ द्यावं, पण या विषयांचं पुढचं शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. त्यावर दोन्ही बाजूंनी गलका झाला. पोरगं वर्षभर घरी बसण्यापेक्षा पुढे जाणं बरं, हे उघड आहे. पण तो शेरा मला खुपतो. सोळाव्या वर्षी कागदावर छापून द्यायचं की हे दार तुला बंद. जे दार उघडं आहे त्याचा उल्लेख कुठल्याच गुणपत्रिकेवर नसतो.

आणि काही मुलांच्या बाबतीत प्रश्न आवडीचा नसतोच. आकड्यांची अक्षमता ही खरीखुरी गोष्ट आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद आहे. आपल्या बोर्डात अशा मुलांना बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याची सवलत फार पूर्वीपासून आहे. ती मिळवायला रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवायचं तर आधी शाळेतल्या कुणाला तरी ही शंका यावी लागते. पाचपाखाडीतल्या शाळेत ती येते. दिघ्याच्या चाळीतल्या पोराला मात्र बाई म्हणतात, लक्ष नाही. तेच पोरगं मग माझ्या नर्सरीच्या दारात उभं असतं.

आता दुसरं गृहीतक, उरलंसुरलं काम.

"अभ्यास केला नाहीस तर माळी होशील," हे वाक्य मी एका सोसायटीच्या बागेत काम करताना ऐकलं आहे. आई मुलाला सांगत होती, दोन हातांवर मी गुलाबाचा डोळा भरत होतो, म्हणजे एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्याच्या सालीत बसवत होतो. वाईट वाटलं असं नाही, सवय आहे. पण डोळा भरताना हात हलला असता तर कलम गेलं असतं, आणि तो हात स्थिर व्हायला मला सहा वर्षं लागली, हे त्या बाईंना सांगायची फार इच्छा झाली. कृषी विद्यापीठांमध्ये माळी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम चालतात, मी त्यातूनच आलो. गुटी कलम, दाब कलम, छाटणी कोणत्या महिन्यात, कुठल्या झाडाची मुळं भिंत फोडतात, हे तिथे शिकवतात. ठाण्यातल्या किती पालकांना असा अभ्यासक्रम असतो हे माहीत आहे? आमच्या सोसायटीत विचारून पाहिलं. एकालाही नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या दिवशी पावसाने सामना उशिरा सुरू झाला, हे आठवत असेल. आपण टीव्हीपुढे चहा पीत होतो तेव्हा काही माणसं ते भलंमोठं आच्छादन ओढत होती, पाणी काढत होती, खेळपट्टीला ओल लागू देत नव्हती. खेळपट्टी करणाऱ्याला मातीचा वास कळावा लागतो. किती पाणी, किती वेळ रोलर, किती ऊन. सामना झाला म्हणजे त्यांचं काम चोख झालं. कॉमेंट्रीत एखाद-दुसऱ्या वाक्यात त्यांचं कौतुक झालं असेल, नावं कुणाला आठवत नाहीत. मलाही नाही.

पण नुसता मान देऊन पोट भरत नाही. बाहेरच्या कामाची खरी दुखरी जागा कंत्राट आहे. उद्यानं महापालिकेची, पण माळी कंत्राटदाराचा. दर काही वर्षांनी निविदा निघते, कंत्राटदार बदलतो, माळी तोच आणि त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. पंधरा वर्षं एकाच बागेत काम केलेला माणूस कागदावर कायम नवा. एका बागेत तर मी असं पाहिलं, की झाडांवर क्रमांक होते, नोंद होती, वय होतं, आणि त्यांना पाणी घालणाऱ्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात धड नव्हती. स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबईचं नाव वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांत झळकतं, आणि ते मिळवून देणारे बहुतेक हात पहाटे पाच-सहाला रस्त्यावर असतात. त्यांनाही मिळतं ते बक्षिसाच्या फलकाच्या मागचं स्थान.

इथेच माझ्या म्हणण्याला एक गाठ बसते, आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. कंत्राटी माणसाला आकडे यायलाच हवेत. बाग करायला नको, स्वतःचा पगार वाचायला. महिन्याचा पगार सव्वीस दिवसांनी भागलेला असतो. भविष्य निर्वाह निधी बारा टक्के. कामगार विमा पाऊण टक्का, तोही महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना. सुट्टीच्या दिवशी काम केलं तर काय? हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या खिशातून महिन्याला शे-दोनशे रुपये जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे 'याला गणित नको' म्हणून बापाने हात झटकले, की मी सांगतो: याला बीजगणित नसेल तर नसो, पण पगाराची चिठ्ठी वाचता आली नाही तर माझ्याकडे पाठवू नका.

आकडे नको म्हणून डिलिव्हरीच्या धंद्यात गेलेल्या पोरांचं तर मला फार वाटतं. वरून बघता बाहेरचं काम, मोकळं, साहेब नाही. हिशेब सगळा ॲप करतं. म्हणजे गणित गेलं का? नाही, ते तुमच्या हातातून गेलं. आज पंधरा ऑर्डर केल्या तर जादा पैसे, चौदाव्या ऑर्डरनंतर ऑर्डर येणंच मंदावतं, का, ते विचारायला माणूस नाही. पाम बीच रोडवर भर पावसात सिग्नल तोडणारं पोरगं घाईत नसतं, हिशेबात असतं, आणि तो हिशेब त्याने मांडलेला नसतो.

मग पाठवायचं कुठे? झाडांवर. हे मी मनापासून सांगतो. पहिल्या वादळी पावसात ठाणे-नवी मुंबईत गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष कसे कोसळतात ते आपण दरवर्षी बघतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं, एका बाजूची मुळं गटारासाठी तोडलेली, आणि छाटणी अशी की सगळा तोल रस्त्याकडे. आपल्या राज्यात शहरी झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. छान आहे. पण झाडाचं वय सांगणार कोण? आतून पोकळ आहे की नाही, हे बुंध्यावर टकटक करून ओळखणार कोण? दोर बांधून वर चढून, खालच्या गाड्यांवर न पाडता, फांदी कॉलर (बुंध्याजवळचा फुगीर भाग) राखून कापणार कोण? माझ्या ओळखीत असे चढणारे मोजून चार. त्यातले दोघं पन्नाशीच्या पुढे. बाकी जे येतात ते कोयता घेऊन झाडाचं बोडकं करून जातात, आणि पुढच्या पावसात ते झाड पडतं. हे शिकलेलं काम आहे, धोक्याचं आहे, त्याला विमा हवा, हेल्मेट-पट्टा हवा, आणि चांगला दर मिळतो. आकडे लागतात ते दोराच्या लांबीचे.

खाडीवर आणि डोंगरात वाटाड्याचं काम आहे. नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगोंचा हंगाम. छोटा आणि मोठा रोहित (फ्लेमिंगोच) चोचीवरून वेगळा सांगता यायला हवा. थवा किती हजारांचा हे विचारलं तर शंभराचा एक गठ्ठा डोळ्यांत धरून थव्यावर तो किती वेळा बसतो ते बघायचं, पक्षी मोजणारे असंच मोजतात. पुन्हा त्या मुकादमाची गाडीच. मुंब्र्याच्या कड्यावर प्रस्तरारोहण शिकलेली पोरं पुढे उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून येतात, आणि २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानंतर प्रशिक्षित माणसांची गरज वाढलीच आहे. यात हंगामाची अडचण आहे, पावसाळ्यात खाडी बंद तेव्हा डोंगर चालू, असं जुळवावं लागतं. जीवरक्षक, मैदानांची देखभाल, रोपवाटिका ही कामंही आहेत, पण त्यांत वाव कमी-जास्त आहे आणि मी त्यातला जाणकार नाही.

एक मर्यादा मात्र मला लपवता येत नाही. या सगळ्या कामांत एका उंचीवर आकडा उभा असतो. हाताखाली माणसं आली की हजेरी, कोटेशन, मोजमाप पुस्तिका, बिलं. मी तिथे अडखळलो आणि सुटलो तो बायकोमुळे. ती बारावी कॉमर्स, नर्सरीचा सगळा हिशेब तिच्याकडे. प्रत्येकाला असं लाभेलच असं नाही. पण बघा, तिला गुलाब आणि शेवंतीतला फरक लग्नानंतर कळला, म्हणून तिला कुणी नापास केलं नाही.

मला वाटतं, भरतीच्या नियमांत शेताच्या, जंगलाच्या, खाडीच्या कामांसाठी कामावरच घेतलेली चाचणी निम्म्या गुणांची असायला काही हरकत नाही. महापालिकांनी कंत्राट बदललं तरी माळ्याची सेवा मोजावी, तेवढी नोंद ठेवणं अवघड नाही, झाडांची ठेवतातच. आणि शाळेने नववी-दहावीत, ज्याला बीजगणित झेपत नाही त्याला एक वर्षभर फक्त घमेलं, ब्रास, टेप, औषधाचं झाकण आणि पगाराची चिठ्ठी शिकवावी. त्याला कमी दर्जाचं गणित म्हणू नये. मला ते ऑक्टोबरातल्या पेपरपेक्षा अवघड गेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तण उपटणारं एक पोरगं आलं होतं, दिवा कोळीवाड्यातलं. माझ्याकडे वर्षभर राहिलं, आता एका कंत्राटदाराकडे झाडांवर चढतं. गेल्या महिन्यात रविवारी चिठ्ठी घेऊन आलं. विम्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणालं, "काका, हे बरोबर आहे का?" पगार चौदा हजार. मी म्हटलं, पाऊण टक्का धर. ते कागदाकडे बघत बसलं, ओठ हलत होते. मला वाटलं, आता हरवणार, माझ्यासारखं. मग म्हणालं, "चौदसची भरती साडेदहाला... म्हणजे एकशे पाच. यांनी दोनशे दहा कापलेत."

सोमवारी ते कंत्राटदाराच्या ऑफिसात जाऊन आलं. 'पुढच्या महिन्यात बघू' असं उत्तर मिळालं आहे. चिठ्ठी त्याने घडी करून पाकिटात ठेवली आहे, मागच्या सात महिन्यांच्या चिठ्ठ्या शोधतोय.